वर्दी आणि निरोप : आपत्कार्यात सैन्य व नागरिक यांच्यातील माहितीची देवघेव

१

मराठीत वृत्तवाचक शब्दांना तोटा नाही. बातमी, खबर, वार्ता, वर्दी, निरोप, सांगावा, दवंडी, हूल, आवई असे कितीतरी शब्द सहज आठवतात, आणि त्यांपैकी कोणतेही दोन पूर्णांशाने समानार्थी नाहीत. निरोपात सांगणारा व ऐकणारा परस्परांना ओळखतात. दवंडीत ओळखीची अपेक्षा नसते. वर्दी खालून वर जाते, दवंडी वरून खाली येते. आवई कोणी उठवली हे कळत नाही; हूल मात्र कोणीतरी हेतुपुरस्सर दिलेली असते. वृत्त तेच असले तरी ते कोणी, कोणास व कोणत्या नात्याने सांगितले यावर शब्दाची निवड ठरते.

या शब्दांपैकी ‘जासूद’ या शब्दाचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. मूळ अरबी ‘जासूस’ म्हणजे हेर. मराठी राज्याच्या पत्रव्यवहारात मात्र जासूद म्हणजे पत्रे व निरोप घेऊन धावणारा माणूस. हेराचा टपालवाहक झाला असला तरी या शब्दाच्या पोटात एक जुना संशय शिल्लक आहे, असे म्हणावयास हरकत नाही. जो वृत्त आणतो तो वृत्त नेतही असेल, ही शंका सैन्य आणि रयत यांच्या संबंधात फार पूर्वीपासून वावरत आलेली आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय या संबंधाच्या आजच्या स्वरूपाचा आहे. महापूर, भूकंप, धरणफुटी किंवा सशस्त्र अशांतता अशा प्रसंगी सैन्य, अर्धसैनिक दले, मुलकी अधिकारी, स्वयंसेवी संस्था आणि स्थानिक रहिवासी हे सर्व एकाच भूमीवर, एकाच वेळी, परंतु भिन्न शिस्तींनी काम करू लागतात. अशा कार्यास येथे संमिश्र कार्य म्हटले आहे. अशा कार्यातील माहितीच्या देवघेवीचा विचार प्रायः प्रशासनाच्या किंवा तंत्रसाधनांच्या अंगाने केला जातो. बिनतारी यंत्रे किती होती, नियंत्रण कक्ष केव्हा उघडला, आदेश कोणाचा होता, असे प्रश्न विचारले जातात. ते प्रश्न आवश्यक आहेतच. परंतु यंत्र चालू असता, आदेश निघालेला असता आणि सांगणाऱ्याची इच्छाही असता माहिती पोचत नाही, असे जेव्हा घडते तेव्हा तो प्रश्न भाषेचा असतो. माहिती पाठविली गेली म्हणजे ती दिली गेली असे होत नाही; ऐकणाऱ्याला ती स्वतःच्या ओळखीच्या जागेशी, मापाशी आणि माणसाशी जोडता आली, तरच ती दिली गेली असे म्हणता येईल. हे विधान कोल्हापूर परिसरातील महापुरांच्या आधारे स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२

प्रथम या संबंधाची कायदेशीर चौकट थोडक्यात पाहणे उचित होईल. आपल्या देशात आपत्तीच्या वेळी सैन्य स्वतंत्र अधिकाराने कार्य करीत नाही. ते मुलकी सत्तेच्या साहाय्यास येते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ याने राष्ट्र, राज्य व जिल्हा या तीन पातळ्यांवर प्राधिकरणे निर्माण केली. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे असते. याच अधिनियमान्वये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. सैन्याला पाचारण करावयाचे ते मुलकी प्रशासनाने, आणि गरज संपताच सैन्याने परतावयाचे, हे तत्त्व यामागे आहे.

या रचनेचा एक परिणाम असा की, माहितीचे दोन स्वतंत्र ओघ निर्माण होतात. सैन्याचा ओघ तुकडीकडून मुख्यालयाकडे जातो. मुलकी ओघ गावाकडून तालुक्याकडे व तेथून जिल्ह्याकडे जातो. हे दोन ओघ वर, जिल्ह्याच्या पातळीवर, एकमेकांस मिळतात. प्रत्यक्षात मात्र जवान आणि गावकरी यांची गाठ पडते ती खाली, पाण्याच्या कडेला. तेथे त्या दोघांमध्ये नियमाने ठरलेली अशी कोणतीही वाट नसते.

वर गाठ पडणे आणि खाली गाठ न पडणे यातील अंतर किती घातक ठरू शकते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पानशेतचे आहे. १९६१ च्या जुलै महिन्यात पानशेतचे मातीचे धरण धोक्यात आले, तेव्हा सैन्याचे जवान धरणावर वाळूची पोती रचत होते. १२ जुलै रोजी सकाळी धरण फुटले आणि त्यापाठोपाठ खडकवासल्याचा बांधही गेला. पुणे शहरात पाणी शिरले ते दिवसाउजेडी. जवानांच्या श्रमांमुळे धरण रात्रभर तगले नसते तर प्राणहानी कितीतरी अधिक झाली असती, असे मानले जाते, आणि ते रास्तच आहे. परंतु धरणावर उभ्या असलेल्या माणसांना जे डोळ्यांनी दिसत होते, ते नदीकाठच्या पेठांतील माणसांपर्यंत नेमक्या आणि कृतीयोग्य शब्दांत पोचले नव्हते. वेळ मिळविला गेला, पण त्या वेळेत सांगावयाचे ते पुरेसे सांगितले गेले नाही. श्रमाने मिळविलेला वेळ शब्दाअभावी वाया जातो, हा पानशेतचा धडा होय.

३

आता कोल्हापूरकडे वळू. पंचगंगेला २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी मोठे पूर आले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावरील पातळी ५५ फुटांच्या वर गेली. तेथील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पुराची कल्पना येईल. शिरोली येथे राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली गेला. करवीर तालुक्यातील प्रयाग चिखली व आंबेवाडी, तसेच शिरोळ तालुक्यातील कृष्णा-पंचगंगेच्या काठची अनेक गावे पाण्याने वेढली गेली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, भूदल, नौदल आणि तटरक्षक दल यांच्या तुकड्या नावा घेऊन कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत उतरल्या. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा सैन्याच्या दक्षिण कमानीने ‘ऑपरेशन वर्षा २१’ या नावाने पुण्याहून तुकड्या धाडल्या.

या तुकड्यांतील जवान देशाच्या सर्व भागांतून आलेले असतात. त्यांची परस्परांतील व नागरिकांशी बोलावयाची भाषा प्रायः हिंदी. आपल्याकडील ग्रामस्थांना हिंदी समजते, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे. परंतु समजण्याच्या या भरवशातच धोका असतो. अगदी परकी भाषा ऐकणारा माणूस सावध असतो, ‘काय म्हणालात?’ असे विचारतो. शेजारची भाषा ऐकणारा विचारीत नाही, कारण आपल्याला समजले असे त्याला वाटते.

काही शब्द पाहू. हिंदी ‘खाली’ म्हणजे रिकामा. मराठी ‘खाली’ म्हणजे तळाकडे. ‘नाव खाली है’ हे वाक्य घाईत, वाऱ्यापावसात, अर्धवट ऐकू आले तर नाव रिकामी आहे की उताराला आहे? हिंदी ‘यातायात’ म्हणजे वाहतूक, मराठी ‘यातायात’ म्हणजे यातना व दगदग. हिंदी ‘आपत्ति’ म्हणजे पुष्कळदा हरकत, मराठी ‘आपत्ती’ म्हणजे संकट. हिंदी ‘कल’ गेलेला दिवसही दाखवितो आणि येणाराही. क्रियापदाने त्याचा उलगडा होतो. परंतु वाक्याचे शेपूट तुटले आणि ‘नाव कल’ एवढेच कानी आले, तर मराठी कान ‘कल’चा ‘काल’ करावयास उत्सुकच असतो. ‘वर्दी’ हा शब्द तर या सर्व विषयाचे बोधचिन्ह शोभावा असा आहे. हिंदीत वर्दी म्हणजे गणवेश. मराठीत वर्दी देणे म्हणजे घडले ते कळविणे. एकाला अंगावरचे कापड दिसते, दुसऱ्याला तोंडचा शब्द.

शब्दांची ही चकवाचकवी संदर्भाने पुष्कळदा सावरली जाते, हे मान्य केले पाहिजे. संदर्भ ज्याला सावरू शकत नाही असे दोन विषय आहेत : स्थळ आणि परिमाण.

४

स्थळाचा विचार करू. ‘शिरोळ’ हे तालुक्याचे गाव जिल्ह्याच्या पूर्वेस कृष्णेच्या बाजूला आहे. ‘शिरोली’ हे महामार्गावरचे गाव कोल्हापूर शहरालगत पंचगंगेच्या पलीकडे आहे. मराठी उच्चारात ळ आणि ल हे दोन स्वतंत्र स्वनिम आहेत. ‘काळा’ व ‘काला’, ‘कळ’ व ‘कल’ या जोड्यांनी ते सिद्ध होते. प्रमाण हिंदीत ळ हा स्वनिम नाही. तेथे शिरोळचे ‘शिरोल’ होते, आणि मग शिरोल व शिरोली यांत अंत्य ईकाराचाच भेद उरतो. बिनतारी यंत्राच्या खरखरीत सर्वांत प्रथम नाहीसे होतात ते असे अंत्य स्वर. रोमन लिपीत लिहिले तरी ळ आणि ल यांसाठी एकच अक्षर वापरले जाते, आणि दोन्ही गावे एका अक्षराच्या अंतरावर येऊन बसतात.

स्थानिक संक्षेपांनी हा प्रश्न आणखी बिकट होतो. शिरोळकडील माणूस नुसते ‘वाडी’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात नृसिंहवाडीच असते. दुसरी एखादी वाडी असू शकते, हे त्याच्या स्वप्नातही येत नाही. नुसते ‘बावडा’ म्हटले तर शहराचा माणूस कसबा बावडा समजतो आणि घाटाकडचा माणूस गगनबावडा. ‘चिखली’ नावाची गावे तर महाराष्ट्रभर आहेत. गावाच्या पोटात शिरले म्हणजे ‘माळभाग’, ‘गावठाण’, ‘वरचा मळा’, ‘अमक्याची वस्ती’ अशी नावे लागतात. ही नावे तेथील माणसाला अत्यंत नेमकी वाटतात, पण कोणत्याही छापील नकाशावर बहुधा नसतात.

याउलट जवानाची स्थळभाषा नकाशाच्या चौकटींतील अंकांची असते. ती जगात कोठेही सारखीच नेमकी आहे. मात्र ज्याला वाचवावयाचे आहे त्याला ती बोलता येत नाही. येथे आणखी एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांच्या दोन मालिका केल्या : एक संरक्षण मालिका आणि दुसरी मुक्त मालिका. पहिली सैन्यासाठी व आवश्यकतेनुसार गोपनीय, दुसरी नागरी विकासकार्यासाठी. २०२१ पासून नकाशाविषयक निर्बंध पुष्कळ सैल झाले आहेत. तथापि एकाच भूमीची दोन वाचने असू शकतात, आणि त्यांतील एक दुसऱ्यास सहज दाखविता येत नाही, ही वस्तुस्थिती त्या धोरणाने जणू लेखी मान्य केली होती.

परिमाणाचा प्रश्न स्थळापेक्षाही सूक्ष्म आहे. पुराच्या दिवसांत एकाच बातमीपत्रात चार प्रकारची मापे येतात. राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट व इंचांत, राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांतून सुटणारे पाणी क्युसेकमध्ये, कोयनेचा साठा टीएमसीत आणि आलमट्टीची पातळी मीटरमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर पाणी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २,८३० कोटी लिटर. पहिले माप वेगाचे आहे, दुसरे साठ्याचे. शिवाय आलमट्टीची ५१९.६० मीटर ही पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून मोजलेली असते, तर राजाराम बंधाऱ्याचे ४३ फूट हे त्या बंधाऱ्यावरील मोजपट्टीच्या शून्यापासून. दोन्हींना आपण ‘पातळी’ हाच शब्द वापरतो. शब्द एक, पण त्याचे मूळ बिंदू दोन. आणि ते कोणीही बोलून दाखवीत नाही.

२०१९ च्या पुरात एका निवाऱ्यावर प्रस्तुत लेखक काही विद्यार्थ्यांसह मदतीस होता. शिरोळ भागातून आलेल्या एका वृद्ध बाईंना कोणीतरी धरणातून किती क्युसेक पाणी सोडले ते मोठ्या आस्थेने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘म्हंजे देवळाच्या कितव्या पायरीला येतंय ते सांगा की.’’ त्या प्रश्नात अडाणीपणा नव्हता. ती एका मापाचे दुसऱ्या मापात भाषांतर करण्याची मागणी होती, आणि आमच्यापैकी कोणालाही ते भाषांतर करता आले नाही.

लोकांची ही मापे काटेकोर असतात, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पुराचे पाणी उत्तरेच्या दाराने शिरून, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा झाला असे म्हणतात. पाणी चढत असता होणारा तो चढता दक्षिणद्वार आणि ओसरताना होणारा उतरता. भाविकाच्या दृष्टीने ते पुण्यस्नान आहे. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने त्या दोन शब्दांत पाण्याची उंची आणि पाण्याची दिशा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगितल्या जातात. नुसत्या ‘अमुक फूट’ या वाक्याने दिशा कळत नाही. कोल्हापूर शहरातही ‘सुतारवाड्यात पाणी आले’, ‘जामदार क्लबपाशी पाणी आले’ ही वाक्ये जाणत्या माणसाला पुढे कोणत्या गल्ल्यांची पाळी आहे ते सांगून जातात.

परंतु लोकपरिमाणाची मर्यादाही तितकीच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हे परिमाण स्मृतीवर उभे असते. २००५ साली पाणी अमक्या उंबऱ्यापर्यंत आले होते, त्यापुढे येणार नाही, असा हिशेब करून २०१९ मध्ये कितीतरी घरे मागे राहिली. आणि पाणी २००५ च्या खुणेवरून पुढे गेले. जुनी खूण ही माप म्हणून उत्तम, पण मर्यादा म्हणून फसवी. म्हणून अधिकृत आकडा आणि लोकांची खूण यांपैकी एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असे नव्हे, तर दोन्ही एकाच वाक्यात सांगितले जावे. ‘पाणी ५० फुटांवर जाईल’ एवढेच सांगून भागणार नाही. ‘२००५ च्या खुणेच्या वर जाईल, आणि तुमच्या गल्लीत त्याचा अर्थ असा’ हे वाक्य माणसाला उठवू शकते.

५

आतापर्यंत शब्दार्थाचा विचार झाला. पण वाक्याला अर्थाखेरीज बळही असते. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. बोलणे हीही एक कृती आहे, हा त्यांतील विचार आपल्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. ‘पाणी वाढते आहे’ हे वाक्य वर्णन असू शकते, इशारा असू शकतो किंवा घर सोडण्याची आज्ञाही असू शकते. सैन्यात या तिन्हींचे भेद रचनेनेच ठरलेले असतात. गावात ते बोलणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या नात्यावरून ठरतात. ‘तुरंत निकलिए’ हे जवानाच्या दृष्टीने विवेचनाला जागा न ठेवणारे वाक्य आहे. गावकऱ्याच्या कानी ते संभाषणाचा आरंभ म्हणून पडते. तो विचारतो, जनावरांचे काय? दावणीची म्हैस सोडून यावयाचे की तिच्यासाठीही काही सोय आहे? २०१९ मध्ये जनावरांपायी घर सोडण्यास लोक तयार नव्हते, हे सर्वांनी पाहिले आहे. त्यास हट्ट म्हणणे सोपे आहे. वस्तुतः त्यांनी विचारलेली माहिती त्यांना मिळालेली नव्हती, आणि माहितीच्या जागी मिळालेल्या आज्ञेने तिची भरपाई होऊ शकत नव्हती.

तद्वतच, नाव पुन्हा केव्हा येईल ही माहिती नाव येण्याइतकीच महत्त्वाची असते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून ग्रामस्थांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि कित्येकांचा अंत झाला. त्या दुर्घटनेची कारणमीमांसा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु काठावर उभ्या असलेल्या माणसाला दुसरी खेप निश्चित होणार हे ठाऊक असेल तर तो थांबू शकतो, आणि ठाऊक नसेल तर पहिल्याच खेपेत चढण्याची धडपड करतो, हे मनुष्यस्वभावास धरून आहे. येथे एक वाक्य हेच सुरक्षिततेचे साधन ठरते.

उलट दिशेने, म्हणजे नागरिकांकडून सैन्याकडे जाणारी माहितीही तितकीच मोलाची असते. पाण्याखाली विहीर कोठे आहे, उसाचा फड कोठे संपतो, विजेच्या तारा कोठे लोंबत आहेत, प्रवाहाला ओढ कोठे आहे, हे नावेतील जवानाला कोणतेही यंत्र सांगत नाही. बांधावर वाढलेला मुलगा सांगतो. ही माहिती विचारली जावी लागते, कारण तो मुलगा तिला माहिती समजतच नाही. त्याच्या लेखी ते सर्वांना ठाऊक असलेलेच असते.

सैन्याच्या भाषाव्यवहारातून नागरी प्रशासनाने उचलावी अशी एक रीत म्हणजे प्रत्युच्चार. बिनतारी यंत्रावर संदेश मिळालेला माणूस तो संदेश उलट उच्चारून दाखवितो, आणि पाठविणारा ‘बरोबर’ म्हणेपर्यंत संदेश पोचला असे धरीत नाहीत. याकोब्सन याने १९६० मध्ये भाषेची जी सहा कार्ये सांगितली, त्यांतील संपर्क टिकविण्याचे व संकेताची खातरजमा करण्याचे कार्य या रीतीत शिस्तीने बांधलेले आहे. अक्षरांच्या उच्चारासाठी ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही जी आंतरराष्ट्रीय नाममाला वापरतात तिच्या सिद्धतेत माँत्रेआल विद्यापीठातील झां-पॉल व्हिने या भाषाशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता, आणि १९५६ पासून ती नागरी विमानवाहतुकीत रूढ झाली. भिन्न भाषकांच्या कानांवर शब्द घासून पाहून ती बनविली गेली. देवनागरी अक्षरांसाठी, विशेषतः ळ-ल, ण-न, श-स या जोड्यांसाठी, अशी सर्वमान्य नाममाला आपल्या नित्य व्यवहारात नाही.

६

येथवर माहिती सांगण्याची इच्छा दोन्ही पक्षांस आहे असे गृहीत धरले. ते नेहमीच खरे नसते. गोपनीयता आणि भय हे दोन अडसर भाषेच्या पलीकडचे वाटतात, पण त्यांचाही ठसा भाषेवर उमटतोच.

गडचिरोली जिल्ह्याचे उदाहरण घ्यावे. १९८० नंतरच्या चार दशकांत तेथील आदिवासी ग्रामस्थ सशस्त्र नक्षल गट आणि सुरक्षा दले यांच्या मध्ये सापडले. पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून अनेकांचे प्राण गेले. ‘खबर’ हा निरुपद्रवी अरबी शब्द. त्याला एक मराठी प्रत्यय लागला आणि माणसाचा जीव टांगणीला लागला. अशा ठिकाणी रस्ता कसा आहे, पाणी कोठे आहे, इतका साधा प्रश्नसुद्धा उत्तर देणाऱ्यास महागात पडू शकतो. त्यातच गावाची भाषा गोंडी किंवा माडिया, आणि शासनाची मराठी. १९९० मध्ये गडचिरोली पोलिसांनी ‘सी-६०’ हे पथक उभारले ते स्थानिक तरुणांतून. भूभाग व भाषा जाणणाऱ्या माणसांची गरज त्यामागे होती. परंतु भाषा जाणणारा माणूस शस्त्र घेऊन आला म्हणजे त्याची भाषा निःशंकपणे ऐकली जातेच असे नाही. भाषेचे ज्ञान ही एक गोष्ट, आणि विश्वास ही दुसरी.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय मदतकार्यात माहितीच्या देवघेवीला विवेकाची मर्यादा घातली जाते. परदेशी सैनिकी साधनांच्या वापराविषयी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे सुधारलेल्या ओस्लो मार्गदर्शक तत्त्वांनी, नागरी पर्याय नसेल तेव्हाच सैन्याचे साहाय्य घ्यावे असे सुचविले आहे. सशस्त्र संघर्षाच्या प्रदेशात मदतसंस्था लाभार्थींची नावे सैन्यास देण्यास कचरतात, त्याचे कारणही हेच. पुराच्या वेळी कुटुंबांची यादी प्राण वाचविते. संघर्षात तीच यादी प्राण घेऊ शकते. सर्व माहिती सर्वांना मिळावी हे तत्त्व ऐकावयास उदात्त आहे. पण कोणती माहिती, कोणास, कशासाठी आणि किती काळ, हे प्रश्न त्याच्या आधी येतात.

कोल्हापूरच्या पुरात सुदैवाने हे भय नाही. येथे जवानाकडे लोक आशेने पाहतात. आपला प्रश्न त्यामानाने सोपा आहे, आणि म्हणूनच तो न सोडविण्यास सबब उरत नाही.

७

तो सुटू शकतो याचे प्रमाण २०१० च्या जानेवारीत हैतीच्या भूकंपानंतर मिळाले. तेथील लोकांनी क्रिओल भाषेत पाठविलेले लघुसंदेश जगभर विखुरलेल्या हैतीयन स्वयंसेवकांनी इंग्रजीत आणले, आणि प्रत्येक संदेशातील जागा नकाशावर ओळखून मदत पथकांकडे दिली. त्यांत अमेरिकेची सैनिकी पथकेही होती. शब्दांचे भाषांतर हे त्यांतील अर्धेच काम होते. ‘अमक्या चर्चच्या मागे’ या शब्दांवरून नेमका बिंदू सांगू शकले ते त्या गल्लीत वाढलेले माणूस, मग ते त्या वेळी सहस्रावधी मैलांवर का असेना.

आपल्याकडे असा दुभाषी शोधण्यास दूर जावे लागत नाही. शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी ‘सैनिक टाकळी’ नावाचे गाव आहे. घरोघरी सैन्यात गेलेल्या माणसांमुळे गावाच्या नावालाच ‘सैनिक’ हे विशेषण लागले. पुराच्या पट्ट्यातील या गावात, आणि जिल्ह्यातील इतर अनेक गावांत, निवृत्त सैनिक आहेत. नकाशाची चौकट, चोवीस तासांची वेळ, प्रत्युच्चाराची शिस्त आणि जवानाची हिंदी त्यांना येते. वरचा मळा, देवळाची पायरी आणि दावणीची म्हैस हेही त्यांना कळते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर ते दोन संकेतव्यवस्थांचे खरे द्विभाषिक होत. आणि गावाचा त्यांच्यावर विश्वास आहे. आपत्तीच्या वेळी अशी माणसे स्वयंस्फूर्तीने पुढे येतातच. पण त्यांचे हे दुभाषीपण योजनेचा भाग मानले जावे, प्रत्येक तुकडीबरोबर पोलीस पाटलाप्रमाणेच असा एक माणूस नेमून दिला जावा, आणि तो कोण हे पावसाळ्यापूर्वीच ठरलेले असावे.

दुसरे काम आपल्यासारख्या विभागांचे आहे. पूररेषेतील प्रत्येक गावाची स्थलनाम-सूची तयार करता येईल. तिच्यात वस्त्या, मळे, गल्ल्या व देवळे यांची बोलीतील नावे, त्यांचे संक्षेप, सारख्या उच्चारांची इतर गावे, आणि प्रत्येक ठिकाणी २००५, २०१९ व २०२१ मध्ये पाणी कोठवर आले होते ती खूण, ही सर्व माहिती देवनागरीत, रोमन लिपीत आणि नकाशाच्या अंकांत नोंदविलेली असावी. हे क्षेत्रकार्य पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. त्यासाठी ध्वनिमुद्रक, वही आणि गावातील जाणत्या माणसांपाशी बसण्याची चिकाटी एवढेच लागते. बोलीभाषेच्या अभ्यासासाठी आपण ही सामग्री एरवीही गोळा करतोच. तिला पाण्याच्या पातळीचा एक स्तंभ जोडावयाचा आहे.

त्या वृद्ध बाईंच्या प्रश्नाला २०१९ मध्ये आम्ही उत्तर देऊ शकलो नाही, कारण बंधाऱ्यावरील फुटांचा देवळाच्या पायऱ्यांशी मेळ कोणी घालून ठेवलेला नव्हता. ते गणित अवघड नाही. उन्हाळ्यात, नदी तळाला गेलेली असताना, पायऱ्या मोजून ते करून ठेवावयाचे आहे.